लोणारच्या तळ्याखालची मादाम

आमच्या जानेफळात गणपतीत नाटक व्हायचं आणि त्यातल्या बायका आम्ही पुरुषच व्हायचो. त्या वर्षी शाळेतल्या गुरुजींनी स्वतःच एक हेरकथा लिहिली. खामगावला तसला एक सिनेमा त्यांनी पाहिला होता आणि तो त्यांना नीट कळला नव्हता, त्यामुळे कल्पनेला भरपूर वाव मिळाला. लोणारच्या तळ्याखाली एक परदेशी मादाम राहते. तिच्याकडे यंत्र आहे. कळ दाबली की अख्ख्या वऱ्हाडातली कपाशी काळी पडणार. मुंबईहून हेर येतो, मादाम त्याच्यावर भाळते आणि त्याच्याच गोळीनं मरते.

मादाम मी. माझ्याइतकी बारीक कंबर गावात दुसऱ्या कुणाची नाही, असं गुरुजी म्हणाले. मी ते कौतुक समजलो आणि मिशी उतरवली. वहिनीचा लग्नातला शालू, काळा चष्मा, हातात कोपरापर्यंत चढवलेले वडिलांचे पांढरे पायमोजे आणि ज्वारीच्या धांड्याची हातभर लांब सिगरेटनळी. आरशात पाहिलं तेव्हा मीच जरासा भाळलो.

या भरात एक गोष्ट राहून गेली. थोड्या दिवसांपूर्वीच आम्ही सोनाळ्याला मुलगी पाहून आलो होतो. पोहे पुढे ठेवताना तिनं मान खाली घालायच्या ऐवजी माझ्याकडे सरळ पाहिलं, आणि तेव्हापासून माझं जेवणात लक्ष नव्हतं. आमचा होकार गेला होता, त्यांचा यायचा होता. तिचे आईवडील आमचं घर पाहायला नाटकाच्या दुसऱ्या दिवशी येणार होते. ते आदल्या संध्याकाळच्या एसटीनंच उतरले. सारं गाव नाटकाला, पाहुण्यांना घरी एकटं कसं बसवायचं, म्हणून दादानं त्यांना पहिल्या रांगेत खुर्च्या दिल्या. मुलगा कुठं आहे विचारल्यावर तो म्हणाला, "आतलं सारं तोच पाहून राह्यला."

मला हे कळलं दुसऱ्या अंकात, कंबर हलवत हेराभोवती फेरी घालताना. पेट्रोमॅक्सच्या उजेडात ओळखीचा फेटा दिसला, शेजारी मुलीची आई. मी असा झुरका मारला की ठसकाच लागला. लोकांना वाटलं, मादामला क्षय आहे.

मग डोक्यात एकच विचार, लवकर मरून मोकळं व्हायचं. पिस्तूल लाकडी होतं. गोळीचा आवाज म्हणून गुरुजी पडद्यामागे डब्यावर गज हाणणार होते. हेरानं पिस्तूल रोखलं आणि मी धाडकन पडलो. डबा वाजलाच नव्हता.

"काऊन मेली बे ही?" मागून कुणीतरी विचारलं.

"लाजून मेली," दुसऱ्यानं सांगितलं.

तेवढ्यात डबा वाजला. मेलेली मादाम दचकून उठून बसली. आता रीतसर मरणं भाग होतं. मी झोकांड्या खाल्ल्या, भारतभूमीला शाप दिला, पडद्याला लटकलो आणि पडलो. वन्स मोअर आला. आमच्याकडे वन्स मोअर नाकारणं म्हणजे गावाचा अपमान. उठलो, पुन्हा मेलो. पुन्हा वन्स मोअर. शेवटच्या मरणाला हेर कंटाळून खाली बसला होता. मी आपला आपणच मेलो.

पडदा पडल्यावर दादा पाहुण्यांना घेऊन आमच्या रंगायच्या खोलीत आला. खोलीला खिडकी होती, पण तिला गज होते.

"हे पोरगं?" मुलीच्या वडिलांनी दादाला विचारलं. "मिशी होती त्याले."

"वाढन परत," दादा म्हणाला.

"अन् लाज?"

मी घाबरून पदर डोक्यावर घेतला, त्यामुळे प्रकरण आणखीच बिघडलं. सोनाळ्याचं स्थळ गेलं, असं मी मनातल्या मनात धरून टाकलं.

मुलीची आई मात्र माझ्याभोवती एक चक्कर मारून आली. "हा शालू कोनं नेसवला?"

"मीच नेसलो."

"इतक्या वेळा पडला न तुम्ही, एक निरी हालली नाही." मग ती नवऱ्याकडे वळली. "आपल्या पोरीचं लुगडं चुलीपासून आडापर्यंत टिकत नाही. सुटलं का माझ्यावर चिडते. देऊन टाका तिले इथं. हा तरी नेसवून देईन."

वडील बराच वेळ फेटा सारखा करत राहिले. बायकोपुढं त्यांचं फारसं चालत नसावं, हे पाहून मला एकदम त्यांच्याविषयी आपुलकी वाटली.

"बरं," शेवटी ते म्हणाले, "पण पुढच्या साली मादाम दुसरा कोनी होईन. कबूल?"

मी "हाव" म्हटलं, पण घशातून आवाज मादामचाच निघाला.