भरलेली बाटली

यास्मिन सिस्टरची पाण्याची बाटली सकाळी कात्रजहून जशी भरून निघायची, तशीच संध्याकाळी परत यायची. कर्वेनगरातल्या एका खासगी हॉस्पिटलात ती नर्स. अख्खा वॉर्ड एकटीच्या गळ्यात. पेशंटला मात्र दर फेरीला दटावायची, "काका, पाणी प्या. किडनी काय भाड्यानं आणलीय?"

आधी तीही प्यायची. मग उन्हाळ्यात एकदा ती लघवीला गेली आणि तेवढ्यात नागोराव नावाचे एक आजोबा खाटेवरून उतरायला गेले, पडले. खुबा मोडला. महिन्याभरात गेले. चौकशीत साहेबांनी विचारलं, "तुम्ही कुठे होतात?" हिनं मान खाली घातली. "बाथरूमला, सर. चूक माझी."

हॉस्पिटल कामगारांची संघटना मी चालवते. बाहेर गाठून झापलं तिला. "अगं, दुसरी नर्स का नव्हती, हे विचारायला तोंड नव्हतं तुला?"

"ताई, पडायच्या आधी आजोबा मला हाका मारत होते. शेजारच्या पेशंटनं सांगितलं."

मी कुणाला ऐकणारी बाई नाही. पण भांडण तिथंच सोडलं. त्या दिवसापासून हिचं ड्युटीवर पाणी बंद.

मॅनेजमेंटनं उपाय केला. नर्स नाही वाढवली. भाषणाला एक बाई आणल्या. एसी हॉलमध्ये छातीवर हात ठेवून म्हणायचं, मी स्वतःला माफ करते. सगळ्यांनी म्हटलं. हिचे ओठ हलेनात. बाईंनी कारण विचारलं, तर म्हणाली, "मॅडम, माफ त्यांनी करायचं ना. ते तर राहिले नाहीत."

परवा ड्युटीवरच चक्कर येऊन कोसळली. ताप, लघवीतून रक्त, इन्फेक्शन पार किडनीपर्यंत. तिच्याच वॉर्डात भरती केली, वर उपकार केल्याचा तोरा! मी गेले तेव्हा सलाईन चालू होतं. उशाशी पाण्याचा ग्लास, काठोकाठ.

"पी की."

"प्यायले की लघवीला भांडं लागेल, ताई. रुपाली एकटी आहे."

म्हणजे खाटेवर पडूनही हिची ड्युटी सुटलेली नव्हती. इतक्यात ती रुपाली, नवी पोरगी, सलाईन बघायला धावत आली. ओठ कोरडे ठाक. यास्मिननं तिला निरखलं.

"पाणी प्यायलीस?"

"ड्युटी संपल्यावर, सिस्टर."

"आत्ता पी. बाथरूमलाही जाऊन ये. मी इथून लक्ष ठेवते."

"आणि कुणी पडलं तर?"

"तर चूक तुझी नाही. तुला एकटीला ठेवणाऱ्यांची."

पोरगी गेली. मी ग्लास हातात दिला. "हेच आता स्वतःला सांग. मग चौकशीवाल्यांना सांगू."

तिनं माझ्याकडे पाहिलं. ग्लास ओठांपर्यंत नेला.

पलीकडच्या खाटेवरून एका म्हाताऱ्याची हाक आली, "सिस्टर..."

"तू पी. मी बघते त्यांना," म्हणत मी उठले. दोन पावलं गेले नसेन, मागे सलाईनचा स्टँड खडखडला. वळून पाहिलं. ग्लास तसाच भरलेला, आणि यास्मिन एका हातानं खाटेला धरून उभी राहत होती.