सुंदराचा जबडा

सुरतेच्या कडेला डिंडोलीतल्या बायका घरी बसून साड्यांचे धागे कापत. बाजारातून गठ्ठे यायचे, बुट्ट्यांमागचे सुटे धागे काढले की परत जायचे. कात्री सगळ्यांकडे होती, पण ती उचला-ठेवा करण्यात वेळ जातो म्हणून सुंदरा धागा दातांनीच तोडायची. लग्न होऊन धुळ्याकडून आली तेव्हापासून, आणि कायम उजव्या बाजूने. पुढे तोंड उघडलं की कानाजवळ कट्ट वाजायला लागलं. मग दुखायला लागलं, आणि भाकरीचा घास म्हणजे शिक्षा झाली.

तिचा नवरा उखा कारखान्यात मागावर होता. त्याचं मत, दाढ किडली असणार, उपटून टाकावी. धडधाकट दाढ उपटायला निघालेला हा शहाणा. नशीब की उधन्याच्या दातांच्या डॉक्टर उज्ज्वलाबाईंनी आधी गालावर बोटं ठेवून तिला तोंड उघडायला-मिटायला लावलं.

"दाढा चांगल्या आहेत. दुखतो तो कानापुढचा सांधा. त्यातली गादी सरकते, म्हणून कट्ट वाजतं. दातांनी धागा तोडायचा नाही. मऊ खायचं, लहान घास घ्यायचा. झोपेत तुम्ही दात आवळता, त्यासाठी रात्री दातांवर बसवायची प्लेट देते."

सुंदराने एकेक शब्द पाळला. रात्री प्लेट, सकाळ-संध्याकाळ गरम फडक्याचा शेक, धाग्याला कात्री. आखाड येईतो ती पोळी चावू लागली. किती वर्षांनी बाई जेवताना हसत होती.

श्रावणात मोठ्या जावेकडे, ताराबाईकडे, कानबाई बसली. खानदेशातली माणसं सुरतेत आली तरी देवी बरोबर घेऊन आली. कानबाईचे जाडजूड रोट फक्त भाऊबंदांनी खायचे, बाहेरच्याला तुकडा द्यायचा नाही, आणि पुनवेच्या आत संपवायचे. शिळे झाले की ते वाळून टणक होतात. सुंदराने आपल्या वाटणीचा रोट दुधात टाकला.

ताराबाईने वाटी ओढून घेतली. "देवीना रोट दूधमा कालाईसन खाशी का? आपलामा असं चालत नही."

असा नियम कुणी केला होता, देवीलाच ठाऊक. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं उखाने समोर बसून ऐकलं होतं. तो एक शब्द बोलला असता तर भागलं असतं. तो ताटात बघत राहिला. त्याच्या त्या गप्प बसण्याचा मला आजही संताप येतो.

सुंदराने कोरडा रोट चावायला घेतला. जबडा भरून आला, कान ठणकू लागला. शेवटचा मोठा तुकडा एकदाच संपवावा म्हणून तिने तोंड पूर्ण उघडलं, आणि ते तसंच राहिलं. मिटेना. लाळ गळू लागली, शब्द फुटेना.

उखाने तिला उधन्याला नेलं. उज्ज्वलाबाईंनी अंगठ्यांना फडकं गुंडाळून खालच्या दाढांवर दाब दिला आणि जबडा जागेवर बसवला. हनुवटीखालून डोक्यावर पट्टी बांधली. काही दिवस बोलणं बंद.

"काय खाल्लं होतं?" त्यांनी विचारलं.

देवीच्या रोटाने असं झालं हे बाहेरच्या बाईला कोण सांगणार? उखा म्हणाला, "काही नाही बाई. जांभई दिली फक्त."

डॉक्टर गंभीर झाल्या. "नुसत्या जांभईने निखळला? म्हणजे प्लेटचा उपयोग झाला नाही. सांधा पार ढिला पडलाय. ती प्लेट आता बंद करा. पुन्हा निखळला तर मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन."

सुंदराने घाईघाईने डॉक्टरांचा हात धरला. दोन्ही तळव्यांनी हवेत गोल रोट थापला, तो तोंडाशी नेला आणि मान जोरजोरात हलवली. पुन्हा थापला, पुन्हा तोंडाशी नेला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

उज्ज्वलाबाईंना दया आली. "भूक लागलीय का हो यांना?"

"हो," उखा म्हणाला, "सकाळपासून उपाशीच आहे."