खंडेनवमीचा मान

आमच्या गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, परळचा एक विणकर होता. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात त्याने घोषणा दिली, की शीव कोळीवाड्यात दोरीवर वाळणारे बोंबील टुणकन उठून बसत. पण खरा चिडला की त्याचा आवाज लोण्यासारखा मऊ व्हायचा, आणि मग आम्ही सावध व्हायचो.

एकदा जॉबरची, म्हणजे साच्यांवरच्या मुकादमाची, जागा रिकामी झाली. ती त्याचीच, हे साच्यांनासुद्धा ठाऊक होतं. खात्याच्या मास्तरांनी ती दिली आपल्या मेहुण्याला. त्या मेहुण्याने तोवर जन्मात फक्त पानाचा डबा चालवला होता.

"फार छान केलंत, मास्तर," आमचा गडी मऊ आवाजात म्हणाला.

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

खंडेनवमीच्या पूजेनंतर पहिला साचा जॉबरनेच सुरू करायचा, अशी रीत. आमच्या गड्याने स्वतः साचा पुसला, झेंडू बांधला, वर खुद्द मॅनेजरला आमंत्रण दिलं. नारळ फुटल्यावर मेहुण्यापुढे हात जोडून म्हणाला, "जॉबरसायबानू, मान तुमचो! साचो तुमीच सुरू करा."

मेहुण्याने दांडा असा काही ओढला, की साच्यातला सूत नेणारा धोटा उडाला तो मास्तरांची टोपी घेऊन थेट कॉटन ग्रीनला. तिथल्या कबुतरांनी ती अजून परत केलेली नाही.

मॅनेजरने मेहुण्याला तिथल्या तिथे काढलं. आम्ही आमच्या गड्याला खांद्यावर घेऊन नाचलो.

सोमवारी नवा जॉबर आला. मॅनेजरचा भाचा.

आमचा गडी माझ्याकडे वळून बोलला, पण आवाज इतका मऊ, की मला ओठ वाचावे लागले.

"पुढल्या खंडेनवमीचो नारळ आत्ताच घेवन ठेव रे."