रुमालाखालचा सौदा

त्या रविवारी पेपर उघडला तो भानुदासनं शब्द पाळलाय का, एवढंच बघायला. लेखाच्या जागी त्याचा फोटो होता, काळ्या चौकटीत. वाटलं, छापणाऱ्यानं घोळ घातलाय. खालच्या ओळी पुन्हा वाचल्या... हृदयाचा झटका आला आणि तो गेला. मी नेवाशाकडं बैल बघत हिंडत होतो, मला कोण कळवणार? काही आठवडे उलटले, अजून खरं वाटत नाही.

आम्ही कोल्हारचे, एका वर्गातले. तो शिकून नगरला गेला, पेपरात लिहू लागला. मी दुसऱ्यांचे बैल बाजारात हाकता हाकता स्वतःचे विकू लागलो. तो शब्दांचा व्यापारी, मी जनावरांचा. फरक एवढाच, की माझ्या मालाचे दात गिऱ्हाईक उघडून बघतं.

त्याच्या लेखात 'आपला शेतकरी' असायचा आणि 'बाजारातली ती माणसं' असायची. 'आपला' म्हटलं की वाचणारा आपणहून कुंपणाच्या आत येऊन बसायचा. बाहेर कोण राहिलं, हे कोण बघतो? मी बघायचो, कारण बाहेर मी होतो. शेतमजुराचा पोरगा असूनही. 'सगळ्यांना ठाऊकच आहे' अशी तो सुरुवात करायचा, म्हणजे ज्याला ठाऊक नाही त्याचं तोंड आधीच बंद. एका वर्षी चारा संपला, लोक बैल विकायला निघाले, तेव्हा त्यानं आम्हा व्यापाऱ्यांना 'गोठ्यावरची गिधाडं' म्हटलं. नाव कुणाचंच नव्हतं. पण कोल्हारात बैलांचा व्यापारी मीच. पुढच्या बाजारी एका म्हाताऱ्यानं माझ्या हातातून दावं ओढून घेतलं. "गिधाडाला न्हाई द्यायचा बैल." लोक हसले, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

मी तडक नगरला त्याच्या घरी जाऊन भांडलो. तो शांतपणे म्हणाला, "रंगनाथ, मी वृत्तीवर लिहिलंय."

"वृत्तीला बाजारात कुणी हाक मारत न्हाई, भान्या. मला मारत्यात."

त्यानंतर बोलणं बंद. आणि जाण्याच्या दोन-चार दिवस आधी तो आपणहून बाजारात आला. लिंबाखाली बाजूला उभं राहून आम्ही घासाघीस केली. मला माफी हवी होती, तो शब्द मागं घ्यायला तयार नव्हता. शेवटी ठरलं, येत्या रविवारी तो माझ्यावर लिहील, नावानिशी, 'आपला' म्हणून. माझ्या खांद्यावरचा रुमाल ओढून त्यानं आमच्या हातांवर टाकला आणि खाली माझं बोट दाबलं. आमच्या धंद्यात भाव असाच ठरतो, आणि दाबलेलं बोट कुणी मोडत नाही. पण ते दिसतही कुणाला नाही.

नंतर त्याच्या घरी भेटायला गेलो तेव्हा वहिनींना विचारलं, काही लिहून ठेवलं होतं का. नव्हतं. म्हणाल्या, "आदल्या संध्याकाळी खोलीत फेऱ्या मारत मोठ्यानं बोलत होते, लिहायच्या आधी बोलायचे तसे. 'आपला रंगनाथ... आपला रंगनाथ...' पुढं सरकतच नव्हते. मीच म्हटलं, आधी जेवून घ्या."

बोललेलं छापून येत नाही. त्याच्यावर आता सगळे लिहितात, 'आपला माणूस गेला, त्यानं गिधाडांची कधी गय केली नाही.' बाजारात ते नाव अजून चालू आहे. परवा एका शेतकऱ्याशी रुमालाखाली भाव ठरला, त्यानं बोट दाबलं, आणि माझ्याच्यानं त्याचा हात सोडवेना. बिचारा माझ्या तोंडाकडं बघत राहिला.

"सोडा की मालक," तो म्हणाला, "झाला सौदा."