गौरींमागचा जपानी पडदा

"त्यात विचारायचं काय? लीनाला गणपतीमागे दीड दिवसापुरता पडदा हवा होता, मी दिला. आणलाय ना परत!" शैलेंद्र बायकोला म्हणाला.

"माझ्या गौरींसाठी लपवून ठेवला होता मी," चित्रलेखा म्हणाली. "चादरीत गुंडाळून."

"मग लाव की आता गौरींमागे."

"म्हणजे हळदीकुंकवाला आलेल्या सगळ्या दारातूनच ओरडतील, अय्या, हा लीनाकडचाच ना?"

शिकायला म्हणून मेलबर्नला आलेली चित्रलेखा तिथल्याच डँडेनॉन्गच्या देशी दुकानात डाळी भरता भरता देशाची पर्मनंट रहिवासी झाली, लग्न करून गुंगालिनला आली आणि आता तिथल्या वृद्धाश्रमात शिफ्टमध्ये काम करते. नुसत्या हौसेखातर तिने घेतलेली एकमेव वस्तू म्हणजे हा सहा घड्यांचा, जमिनीवर उभा राहणारा कागदी पडदा. गॅरेज सेलमधला. विकणाऱ्या बाईने जन्मभर जपानी शिकवलेलं. तिनेच चित्रातली गोष्ट सांगितली. जुन्या दरबारी कथेतली. सोनेरी ढगांखाली मिरवणूक बघायला आलेल्या दोघींच्या बैलगाड्या. एकाच पुरुषाची एक लग्नाची बायको, दुसरी प्रेयसी. बायकोचे गडी दुसरीची गाडी रेटत पार मागे ढकलतात. त्या मागच्या गाडीतलीची चित्रलेखाला फार दया यायची.

खरं तर हा पडदा नागमोडीच उभा राहतो. लीनाने तो गणपतीमागे मखरासारखा सपाट ताणला आणि मधला कागदी सांधा फाटला. पण चित्रलेखाला सलत होता तो मराठी मंडळाच्या ग्रुपवरचा फोटो. स्टुलावर शैलेंद्र, खाली हसणारी लीना आणि तिने लिहिलेलं, 'शैलू नसता तर डेकोरेशन झालंच नसतं.'

शैलू!

"तिच्याकडे बरा स्टुलावर चढलास. आपल्या पॅसेजमधला दिवा दिवाळीपासून गेलाय."

"अगं, एकटी असते ती."

"आणि मी काय, लेझीम पथक आहे?"

"मॉम, इट्स जस्ट अ स्क्रीन," सोफ्यावरून चिन्मयी म्हणाली.

चित्रलेखा डिंक घेऊन आली. फाटलेल्या सांध्याला मागून कागदाची पट्टी चिकटवली, हीटर बाजूला सरकवला आणि हॉलमध्ये पडदा घडीघडीने उभा केला. आज पहिल्यांदाच तिने पुढच्या गाडीकडे नीट पाहिलं. बायकोचे ते गडी चांगले दणकट होते.

"गौरी याच्यापुढेच बसतील," ती दोघांना म्हणाली. "आणि लीनाला हळदीकुंकवाचं बोलावणं नाही."