भिंतीवरचा स्टार्टर

कात्रजच्या नव्या गाळ्यात लेथ पहिल्यांदा चालू करायला गेलो, तर मोटारने एक जड हुंकार दिला, काम पकडणारं चक जेमतेम हललं आणि बोर्डातला ब्रेकर खट्कन पडला. वर केला, बटण दाबलं, पुन्हा पडला. दारात रसवंतीवाला उभा होता. उसाच्या चरकाचे त्याचे रोल टेम्पोतून नुकतेच उतरवले होते. त्यांच्या खाचा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या आणि उन्हाळा तोंडावर होता.

वाटणीनंतर माझ्याकडे आलेलं हे पहिलं गिऱ्हाईक. बाकीची जुनी गिऱ्हाइकं काठावर बसून बघत होती, दोघांपैकी कुठल्या भावाकडे जायचं ते. हा परत गेला असता तर त्याच्यामागून सगळी गेली असती. तीही लांब नाही, त्याच रस्त्याला थोडं पुढे, आमच्या जुन्या गाळ्यात, जिथे आता माझा धाकटा भाऊ एकटा बसतो.

"परवा लागतील, शेठ," रसवंतीवाला म्हणाला. "जमत नसेल तर आत्ताच सांगा, टेम्पो अजून उभाय."

"रोल ठेवा आणि टेम्पो सोडा," मी म्हणालो.

हा लेथ माझ्याकडे कसा आला ते सांगायला हवं. आमच्यात वाटणीची एक रीत आहे. थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. थोरल्याने लबाडी केली तर ती त्याच्याच गळ्यात पडावी, असा त्यामागचा विचार. मामा मध्ये बसले होते. मी वाटे पाडले. एकीकडे लेथ, टेम्पो आणि शिल्लक पोलाद. दुसरीकडे गाळा आणि त्यातली किरकोळ मशिनं. गाळ्याचा पत्रा गळका, पण तोंड रस्त्यावर. त्याची खरी किंमत बाजारात फिरणाऱ्या मलाच ठाऊक होती. भावाचा सगळा जन्म लेथसमोर गेलेला. तो लेथ सोडून भिंती उचलेल असं कुणाला वाटलं असतं?

मामांनी विचारलं, पंखे, दिवे, स्टार्टर हे कुणाचं? मी लगेच म्हणालो, भिंतीला लागलेलं ते भिंतीचं. गाळा मीच घेणार असं धरून चाललो होतो ना. मामांनी मान डोलावली. मग भावाकडे वळून त्याला उचल म्हणाले.

भाऊ म्हणाला, "गाळा."

मंडईत भेंडीचा भावही न विचारता पिशवी पुढे करणारा माणूस तो. त्याला हे कुणी शिकवलं, ते मला अजून कळलेलं नाही. ज्याला मी हाताला धरून या धंद्यात आणलं, दुसऱ्यांच्या शेडमध्ये उभं राहून शिकलेलं सगळं ज्याला फुकट शिकवलं, त्याने मामांसमोर मला वेड्यात काढलं. घरी येताना मामा मला म्हणाले, वाटे तर तूच पाडलेस. त्यानंतर मी मामांकडेही गेलेलो नाही.

तर ब्रेकर. आधी मला वाटलं तोच कमजोर असेल. दुसरा लावून बघितला, तोही पडला. ज्याने गाळ्याचं वायरिंग केलं होतं त्या वायरमनला बोलावलं. त्याने न बघताच मोठा ब्रेकर टाकू म्हणून सांगितलं.

"आणि वायर पेटली की कुणाला बोलवायचं? तुला की फायर ब्रिगेडला?"

तो घुश्शात स्टुलावर जाऊन बसला. मग मीच बघायला लागलो. चक हाताने फिरवलं. सैल फिरत होतं, बेअरिंग धरलेलं नव्हतं. पट्टे काढले आणि नुसती मोटार चालू केली. झकास उठली, ब्रेकर जागचा हलला नाही. म्हणजे वायर चांगली, मोटार चांगली. पट्टे चढवले की पुन्हा खट्. मशीन निरोगी, मोटार निरोगी, आणि दोघं एकत्र आली की जागची उठायला तयार नाहीत. घरातलंच दृश्य दिसल्यासारखं झालं.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. जुन्या गाळ्यात हा लेथ कधी बटणावर चालू व्हायचाच नाही. भिंतीवर स्टार्टरचा एक लोखंडी डबा होता आणि त्याला बाजूने दांडा. भाऊ सकाळी उदबत्ती लावून झाली की तो दांडा वर ओढायचा. मोटार हळूहळू वेग घ्यायची. तिचा आवाज एकसारखा झाला की तो दांडा खाली घ्यायचा आणि मग कुठे तिला पुरती वीज मिळायची. त्या वेळी मी बाजारात पोलादाच्या भावावरून कुणाशी तरी भांडत असायचो. माझ्या लेखी तो नुसता दांडा होता.

"मी विचारलं होतं, शेठ," स्टुलावरून वायरमन म्हणाला. "तुम्ही म्हणालात, साधा डबा लाव, बटण दाबलं की चालू झालं पाहिजे, जास्त शहाणपण नको."

त्याला बरं वाटत होतं, हे दिसत होतं.

मी भावाच्या गाळ्याकडे निघालो. वाटेत सगळा सौदा मनात मांडला. आधी मालाला नावं ठेवायची, मग भंगाराचा भाव काढायचा, मग उठून जायला निघायचं. भाऊ ड्रिलवर काम करत होता. मला बघून त्याने मशीन बंद केलं, हात पुसले आणि स्टूल सरकवलं. मी बसलो नाही. स्टार्टर होता तिथेच होता, दांडा पुसलेला. खालची वायरींची टोकं कापून त्यांना टेप गुंडाळली होती. म्हणजे तो वापरातच नव्हता.

मी म्हणालो, हे धूड तुला काही कामाचं नाही. तो म्हणाला, नाहीच. मी म्हणालो, भंगारवालाही फार देणार नाही. त्यालाही तो हो म्हणाला. दर गोष्टीला हो म्हणणाऱ्याशी सौदा करता येत नाही.

"मग काय घेणार ते सांग."

"भिंतीचं ते भिंतीचं, दादा. तूच म्हणालास मामांसमोर."

"वापरत नाहीस तर ठेवलास कशाला?"

त्याने स्टार्टरकडे बघितलं. "तू मागायला येशील म्हणून," तो म्हणाला. "घे काढून. पाना तिथेच आहे."

बाजारात समोरच्याच्या आवाजावरून तो किती खाली येईल ते मी ओळखतो. या वाक्यावरून मला काहीच ओळखता आलं नाही, आणि त्याचाच राग जास्त आला. पाना खिडकीत होता. मी त्याला हात न लावता बाहेर पडलो.

तसाच विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत गेलो आणि नवा स्टार्टर घेतला. बटण दाबलं की आतल्या आत तेच सगळं आपोआप करणारा. दुकानदार मला चांगला ओळखतो. मी घासाघीस न करता पैसे काढले तेव्हा त्याने माझी तब्येत विचारली.

वायरमनने तो बसवला. बटण दाबलं. मोटार हळू उठली, मग आवाज एकसारखा झाला आणि ब्रेकर जागच्या जागी राहिला. रोल मी स्वतः कातले आणि सांगितल्या वेळी दिले. रसवंतीवाल्याने प्रत्येक खाचेतून अंगठा फिरवला.

"वा," तो म्हणाला. "अगदी धाकट्या शेठसारखा हात आहे."

मी त्याला बिलात काही सोडलं नाही. गिऱ्हाईक राहिलं. त्याच्यामागून आणखीही आली.

जुना स्टार्टर अजून तिथेच आहे. शटर उघडं असलं की रस्त्यावरून त्याचा दांडा दिसतो. मी वाट बदललेली नाही, बदलली तर त्याला कळेल. तिथून जाताना स्कूटर मात्र हळू करत नाही.