डावं-उजवं

वकिलाने अण्णांचं मृत्युपत्र वाचायला पाच मिनिटंही घेतली नाहीत. शिंप्याचं दुकान मुलाला, वरची खोली मुलाला, मशीन, इस्त्री, कपाट मुलाला, आणि 'जिच्या जोरावर मी हे घर उभे केले ती माझी कात्री', तीही मुलालाच. शेवटी एक ओळ होती: 'मी मुलांमध्ये कधीही डावे-उजवे केलेले नाही.'

ताई हसली. हसली म्हणजे काय, तोंडातून एक आवाज निघाला आणि वकिलाने घाईघाईने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

डावं-उजवं केलं नाही म्हणे! ताई जन्माची डावखुरी. आठ वर्षांची असताना याच बापाने तिचा डावा हात मापाच्या टेपने खुर्चीला बांधून तिला उजव्याने लिहायला बसवलं होतं. हात काही सुधारला नाही. पुढे अण्णांचेच हात थरथरायला लागले, धाकटा भाऊ शिकून ऑफिसात चिकटला, आणि तोच वाया गेलेला हात चौदा वर्षं दुकानाचे कोट कापत राहिला. अण्णा गळ्यात टेप अडकवून पुढे बसायचे, ताई पडद्यामागे. लोक म्हणायचे, "मास्तर, तुमच्या हातात जादू आहे." अण्णा मिशीतल्या मिशीत हसायचे. एकदा तरी म्हणाले असते की पोरीचा हात आहे! ताई राग गिळायची, बाप थकलाय म्हणून. आता कुणासाठी गिळायचा?

जिना उतरताना भाऊ म्हणाला, "मनाला लावून घेऊ नकोस ताई. अण्णांना माहीत होतं, तुला कशाची हाव नाही."

"हाव नाही, पण हक्क? त्या दुकानात तू कधी एक बटण तरी लावलंस का रे?"

त्याने घड्याळात पाहिलं.

ताईने दुकानात पाऊल टाकायचं बंद केलं. चौथ्या दिवशी भावाचा फोन आला. "कात्रीला काय करून ठेवलंस तू? ताबडतोब ये."

ती गेली. त्याने नेमलेला कारागीर टेबलापाशी घाम पुसत उभा होता. समोर राखाडी सुटाचं कापड, कडेने उंदरांनी कुरतडल्यासारखं.

"रागाच्या भरात धार घालवलीस ना?" भाऊ ओरडला.

"धार झकास आहे साहेब," कारागीरच म्हणाला. "पण ही डाव्या हाताची कात्री आहे. मुद्दाम घडवलेली. उजव्या हातात ती कापड नुसतं चावते."

भाऊ कात्रीकडे बघतच राहिला. चौदा वर्षांत त्याला याचा पत्ता नव्हता. मग त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "असं कर ना ताई, तूच येत जा पहिल्यासारखी. आत बसून काप. पुढे मी बसतो."

पुढे मी बसतो! ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने स्टूल ओढलं, कपाटाच्या माथ्यावरून चिंध्यांत गुंडाळलेलं एक धूड काढलं आणि भावाच्या उजव्या हातात आपटलं. अण्णांची जुनी कात्री. गंजून मिटली होती, उघडत नव्हती.

"'माझी कात्री' असं लिहिलंय ना? ही अण्णांची, म्हणून तुझी. ती माझी. मीसुद्धा डावं-उजवं करत नाही."

आपली कात्री पिशवीत टाकून ती निघाली. दारातच राखाडी सुटाचे मालक भेटले, जुनं गिऱ्हाईक. "मास्तर गेल्याचं कळलं, वाईट वाटलं. आता माझे सूट कोण कापणार?"

ताईचा राग तसूभरही उतरला नव्हता. "चौदा वर्षं जी कापत होती तीच," ती भावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "टेबलावरचं कापड उचला आणि माझ्या घरी चला. अजून वाचेल ते."